गिनीवरील अक्षरे : कलावंताची कोणती, टांकसाळीची कोणती?

सराफाची कसोटी सोन्याचा कस सांगते आणि तराजू वजन सांगतो. परंतु नाणे कोणत्या टांकसाळीत पडले आणि त्यावरील मुखवटा कोणी घडविला, हे ह्या दोहोंपैकी एकालाही सांगता येत नाही. ते सांगणारी अक्षरे नाण्यावरच असतात. ती मोहरीच्या दाण्याहून लहान असतात, पुष्कळदा झिजलेली असतात आणि घाईच्या व्यवहारात न वाचताच राहून जातात. जी वाचली जातात त्यांचाही अर्थ सरळ लागतोच असे नाही. ह्या अक्षरांचा थोडा पद्धतशीर विचार आमच्या व्यापारी बांधवांपुढे मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. उदाहरणादाखल आम्ही विलायती सोन्याची गिनी घेतली आहे. कारण ती आजही अनेक कुटुंबांत स्त्रीधन म्हणून जपलेली आढळते आणि प्रसंगी सराफाच्या पेढीवर येते.

प्रथम नावाचा खुलासा करणे अवश्य आहे. आपण जिला गिनी म्हणतो ते नाणे वस्तुतः इंग्लंडचे 'सॉव्हरिन' होय. खरी गिनी हे त्याहून जुने नाणे; तिची जागा सन १८१७ मध्ये सॉव्हरिनने घेतली. सॉव्हरिनचे वजन सुमारे ७.९८८ ग्रॅम, म्हणजे ०.६८५ तोळा, असते. सोने बावीस कॅरटचे आणि त्यातील शुद्ध सोने सुमारे ७.३२ ग्रॅम. सन १८९९ च्या कायद्याने हे नाणे पंधरा रुपये ह्या दराने हिंदुस्थानात कायदेशीर चलन ठरले, आणि तेव्हापासून त्याचा आपल्याकडील प्रसार वाढला. लेखात पुढे आम्ही रूढीप्रमाणे गिनी हाच शब्द वापरला आहे.

घोटाळा कोठे होतो?

किंग जॉर्ज पाचवा यांच्या मुखवट्याची गिनी भिंगाखाली धरली असता, मान जेथे कापल्यासारखी दिसते त्या कडेवर 'बी. एम.' अशी दोन इंग्रजी अक्षरे दिसतात. मुंबईत टांकसाळ आहे, तिला इंग्रजीत बॉम्बे मिंट म्हणत, आणि तेथे गिन्या पडल्या होत्या हेही पुष्कळांना ऐकून माहीत असते. मग 'बी. एम.' म्हणजे बॉम्बे मिंट असा अर्थ लावण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. हा अर्थ कानाला पटतो, ओळखीच्या गावाचे नाव घेतो, आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. कारण ती अक्षरे मुंबईची नव्हेत. बर्ट्रम मॅकेनल नावाच्या शिल्पकाराने तो मुखवटा घडविला. ही त्याच्या नावाची आद्याक्षरे होत. लंडन, सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा, प्रिटोरिया आणि मुंबई ह्यांपैकी कोणत्याही टांकसाळीची त्या राजाची गिनी घ्या, तिच्या मानेवर हीच अक्षरे असणार.

मुंबईची गिनी मात्र खरोखरच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात सोन्याची ने-आण कठीण झाली, तेव्हा मुंबईच्या टांकसाळीत लंडनच्या रॉयल मिंटची शाखा उघडण्यात आली. आरंभी तेथे पंधरा रुपयांच्या मोहोरा पाडण्यात आल्या. त्यांचे वजन व कस गिनीइतकाच होता. त्यानंतर गिन्या पाडल्या गेल्या. त्यांची संख्या सुमारे तेरा लाख असून त्या सर्वांवर १९१८ हेच साल आहे. त्यांची खूण 'बी. एम.' नसून 'आय' हे एकच अक्षर होय. आय म्हणजे इंडिया. माथ्यावर व पायथ्याशी बारीक आडवी रेघ असलेला हा लहानसा उभा दंड काट्याच्या बाजूस, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीच्या पट्टीवर, सालाच्या आकड्यांच्या वर मधोमध असतो. ज्याला हे स्थान ठाऊक नाही त्याच्या नजरेतून तो निसटतो, आणि न शोधता दिसणारे 'बी. एम.' मात्र त्याला भलत्याच वाटेने नेते.

आपली नजर अशी का फसते?

ह्याचे कारण आपल्या जुन्या चलनव्यवहारात आहे. पेशवाईत आणि तिच्यानंतरही कित्येक वर्षे ठिकठिकाणच्या टांकसाळींचे रुपये बाजारात एकत्र चालत. पुण्याच्या बाजूचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, निजामशाहीतला हाली सिक्का अशी त्यांची नावेच होती. रुपया कोणत्या टांकसाळीचा हे पाहून बट्टा ठरे. त्यामुळे नाण्यावरची खूण म्हणजे ठिकाणाची खूण, हा पाठ सराफाच्या हाडीमासी खिळला. त्या नाण्यांवर ठसा कोरणाऱ्या कारागिराचे नाव सहसा नसे. त्यामुळे नाण्यावर माणसाचीही सही असू शकते ही कल्पना आपल्या परंपरेत रुजली नाही. युरोपात मात्र नाण्याचा मुखवटा घडविणाऱ्या कलावंताने आपली आद्याक्षरे नाण्यावर ठेवण्याची चाल होती. ती नाणी आपल्याकडे आली. ती वाचण्याची रीत मागाहूनही पुरती आली नाही.

कलावंतांची अक्षरे

गिनीवर आढळणारी कलावंतांची अक्षरे थोडी आहेत आणि ती पाठ करणे अवघड नाही. व्हिक्टोरिया राणीचा तरुणपणीचा मुखवटा विल्यम वायन ह्याचा. त्याची अक्षरे 'डब्ल्यू. डब्ल्यू.' मानेच्या कडेवर असतात. सन १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नवा मुखवटा आला. तो व्हिएन्नात जन्मलेल्या जोसेफ एडगर बोम ह्याचा, म्हणून 'जे. ई. बी.'. सन १८९३ पासून डोक्यावरून पदर घेतल्यासारखा दिसणारा वृद्ध राणीचा मुखवटा आला. तो थॉमस ब्रॉक ह्याचा, म्हणून 'टी. बी.'. सातवा एडवर्ड ह्याचा मुखवटा जॉर्ज विल्यम डी सॉल्स ह्याने केला. त्याची खूण 'डी एस.'. पाचव्या जॉर्जचा मॅकेनल वर आलाच आहे. पुढे दुसरी एलिझाबेथ हिच्या तरुण मुखवट्यावर सन १९५७ पासूनच्या गिन्यांत मेरी गिलिक ह्या शिल्पकर्तीची 'एम. जी.' ही अक्षरे आढळतात.

हे झाले छाप्याच्या बाजूचे. काट्याच्या बाजूस घोड्यावर बसून नागासारख्या राक्षसी प्राण्याला मारणाऱ्या सेंट जॉर्जचे प्रसिद्ध चित्र असते. ते रोममध्ये जन्मलेल्या बेनेदेत्तो पिस्त्रुची ह्याचे. त्याची 'बी. पी.' ही अक्षरे सालाच्या ओळीत उजव्या टोकास असतात. ह्यांचाही अर्थ कोणी 'बॉम्बे प्रेसिडेन्सी' असा करू नये!

टांकसाळींची अक्षरे

टांकसाळींच्या खुणा अशा : सिडनी 'एस', मेलबर्न 'एम', पर्थ 'पी', ओटावा 'सी' म्हणजे कॅनडा, प्रिटोरिया 'एस ए' म्हणजे दक्षिण आफ्रिका, आणि मुंबई 'आय'. लंडनच्या गिनीवर टांकसाळीचे अक्षर नसते. मूळ टांकसाळ तीच असल्यामुळे तिने स्वतःचे नाव लिहिले नाही, शाखांनी लिहिले.

आता ही दोन्ही यादी शेजारी ठेवून पाहिली म्हणजे चुकीचे मूळ स्पष्ट दिसते. 'बी. एम.' मध्ये मेलबर्नचा 'एम' आहे. 'बी. पी.' मध्ये पर्थचा 'पी' आहे. 'डी एस.' मध्ये सिडनीचा 'एस' आहे. एक अक्षर झिजून गेले आणि दुसरे राहिले, तर राहिलेले अक्षर टांकसाळीचे वाटण्यास कितीसा वेळ लागणार? मॅकेनल हा तर जन्माने मेलबर्नचाच. परंतु त्याच्या आद्याक्षरातील 'एम' हा त्याच्या गावाचा नव्हे, आडनावाचा आहे.

ओळखण्याची रीत

काही ठिकाणी असा नियम सांगितला जातो की, मानेवर असेल ते कलावंताचे अक्षर आणि इतरत्र असेल ते टांकसाळीचे. हा नियम उपयोगी आहे, परंतु पुरेसा नाही. 'टी. बी.' आणि 'डी एस.' ही अक्षरे मानेवर नसून मुखवट्याखालच्या मोकळ्या जागेत आहेत. उलट, सन १८७१ ते १८८७ ह्या काळातील तरुण व्हिक्टोरियाच्या, घोडेस्वाराच्या चित्राच्या गिन्यांवर सिडनी व मेलबर्नची 'एस' आणि 'एम' ही अक्षरे मुखवट्याखालीच, तशाच मोकळ्या जागेत आहेत. त्याच काळातील ढालीच्या चित्राच्या गिन्यांवर ती काट्याच्या बाजूस, ढालीला वेढणाऱ्या पानांच्या माळेखाली असतात. सन १८८७ च्या नव्या मुखवट्यापासून पुढे मात्र ती जमिनीच्या पट्टीवर, सालाच्या वर आली. म्हणजे केवळ जागा पाहून निर्णय करणारा मनुष्य कधी ना कधी फसणारच.

म्हणून आम्ही एकच मुख्य नियम सुचवितो. त्याच राजाची, त्याच चित्राची, परंतु निरनिराळ्या टांकसाळींची दोन नाणी शेजारी ठेवावी. जे अक्षर दोन्हींवर तेच राहते, ते कलावंताचे. जे बदलते, ते टांकसाळीचे. कलावंताने चित्र एकदाच घडविले आणि त्याचे ठसे सर्व शाखांना गेले. म्हणून त्याची सही सर्वत्र सारखी. टांकसाळीचे अक्षर मात्र त्या त्या शाखेसाठी ठशावर निराळे उमटविलेले. म्हणून ते प्रत्येक ठिकाणी वेगळे. ह्या नियमात पाठांतर नाही, तर्क आहे; आणि तर्क कळला की अपरिचित देशाच्या नाण्यालाही तो लावता येतो.

अमेरिकेच्या सन १९०९ च्या लिंकन सेंटवर ह्याचा पडताळा उत्तम मिळतो. त्या वर्षी काट्याच्या बाजूस तळाशी 'व्ही. डी. बी.' अशी ठळक अक्षरे होती. ती व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर ह्या कलावंताची. अक्षरे फार ठळक आहेत अशी ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत ती काढून टाकण्यात आली. सन १९१८ मध्ये ती पुन्हा, परंतु अगदी बारीक, मुखवट्याच्या खांद्यावर आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंटवर ह्यांशिवाय छाप्याच्या बाजूस सालाखाली 'एस' हे टांकसाळीचे अक्षर आहे. ही दोन्ही प्रकारची अक्षरे एकत्र असलेले १९०९ चे नाणे केवळ चार लाख चौऱ्याऐंशी हजार पडले आणि संग्राहकांत त्याला मोठे मोल आहे. फिलाडेल्फियाच्या सेंटवर 'व्ही. डी. बी.' आहे, परंतु 'एस' नाही. राहणारे अक्षर माणसाचे, बदलणारे ठिकाणाचे, हाच नियम येथेही लागू पडतो.

दोहोंत न बसणाऱ्या खुणा

प्रत्येक खूण ह्या दोन वर्गांत बसेलच असे मानू नये. सन १८३५ च्या कंपनी सरकारच्या रुपयावर चौथ्या विल्यमच्या मानेवर कधी 'एफ', कधी 'आर. एस.' आढळते. ही कलकत्ता टांकसाळीच्या अधिकाऱ्यांची, म्हणजे फोर्ब्स व रॉबर्ट साँडर्स ह्यांची, आद्याक्षरे होत. व्हिक्टोरियाच्या सन १८४० च्या रुपयावर मात्र 'डब्ल्यू. डब्ल्यू.' म्हणजे पुन्हा आपला विल्यम वायनच भेटतो. सन १८६३ ते १८७४ ह्या काळातील लंडनच्या पुष्कळ ढालछाप गिन्यांवर माळेखाली लहान आकडा असतो. तो ना सालाचा, ना टांकसाळीचा, तर ठशाचा क्रमांक आहे. बडोद्याच्या हाताने पाडलेल्या जुन्या रुपयांवर वाकड्या तलवारीजवळ नागरी अक्षरे दिसतात. ती गायकवाड राजांच्या नावांची आद्याक्षरे होत. अक्षर दिसले की प्रथम विचारावे : हे कलावंताचे, टांकसाळीचे, अधिकाऱ्याचे की राज्यकर्त्याचे?

रुपयाच्या बाबतीत टांकसाळीची खूण काट्याच्या बाजूस तळाशी शोधावी. सम्राज्ञी व्हिक्टोरियाच्या रुपयांवर तेथे मुंबईचा 'बी' किंवा कलकत्त्याचा 'सी' आढळतो. पुष्कळ रुपयांवर काहीच नसते. पाचव्या जॉर्जच्या मुंबईच्या रुपयावर अक्षराऐवजी कमळाखाली एक बारीक उठावदार टिंब आहे. कलकत्त्याच्या रुपयावर ते नाही. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवरही हीच पद्धत चालू राहिली. सालाखाली चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा, आणि काहीच खूण नसेल तर कलकत्ता. हे आपल्या खिशातील नाण्यांवरच मुलांना दाखविता येईल, आणि ह्या विषयाचा पहिला धडा ह्याहून स्वस्त मिळणार नाही.

अलीकडचे एक उदाहरण ह्या सर्व विवेचनाचा मासला ठरावे. सन २०१३ मध्ये रॉयल मिंटच्या परवान्याने भारतात पुन्हा गिन्या पडू लागल्या, आणि त्यांनाही 'आय' हीच खूण मिळाली. त्या गिनीवरील राणीचा मुखवटा इयान रँक-ब्रॉडली ह्याचा असून मुखवट्याखाली 'आय. आर. बी.' अशी अक्षरे आहेत. म्हणजे एकाच नाण्यावर एक 'आय' माणसाचा आणि दुसरा 'आय' देशाचा! त्याच वर्षाच्या ब्रिटनमध्ये पडलेल्या गिनीशी ताडून पाहिले की कोणता कोणाचा, ह्याचा उलगडा क्षणात होतो.

नसलेले अक्षर

अक्षराचा अभाव हीसुद्धा खूणच आहे, आणि ती सर्वांत जोखमीची. सन १९१७ च्या गिन्या सिडनी, पर्थ इत्यादी ठिकाणच्या पुष्कळ मिळतात. परंतु लंडनची, म्हणजे अक्षर नसलेली, त्या वर्षाची गिनी फार दुर्मिळ आहे व तिची किंमत सोन्याच्या भावापेक्षा पुष्कळच अधिक येते. अशा वेळी पट्टीवरचे बारीक अक्षर झिजले आहे, की कोणी खरवडले आहे, की ते मुळातच नव्हते, हे पाहिल्यावाचून बोलू नये. चांगल्या भिंगाखाली पट्टीचा पृष्ठभाग पाहावा. तेथे ओरखडे, खोलगटपणा किंवा रंगात फरक दिसल्यास संशय धरावा. शिवाय ह्या नाण्याच्या नकलाही झालेल्या आहेत. म्हणून वजन, व्यास आणि कस ही जुनी तपासणी सोडून चालणार नाही. अक्षर नाण्याचे ठिकाण सांगते. नाण्याच्या खरेपणाची हमी देत नाही.

व्यवहारात ह्याचे महत्त्व

कोणी म्हणेल, सोने ते सोने. अक्षर कोणतेही असो, वितळविल्यावर ७.३२ ग्रॅमच निघणार. हे खरे आहे, आणि त्यातच पहिली सावधगिरी आहे. 'बी. एम.' दाखवून 'ही मुंबईची दुर्मिळ गिनी' असे सांगत कोणी जादा दाम मागू लागला, तर घेणारा अज्ञानामुळे फसतो. ह्याच्या उलट प्रकार अधिक दुःखद असतो. अडचणीत सापडलेली एखादी भगिनी आजेसासूने दिलेली गिनी घेऊन पेढीवर येते. ती वजनाच्या भावाने घेतली जाते, मुशीत जाते, आणि तिच्यावरचे एक बारीक अक्षर कोणी पाहिलेले नसते. त्या अक्षराची किंमत तिला मिळत नाही, पेढीलाही नाही. मुशीत गेलेले नाणे परत येत नाही. येथे अप्रामाणिकपणा कोणाचाच नसतो. तरी नुकसान व्हायचे ते होतेच. ग्राहकाला जे ठाऊक नाही ते व्यापाऱ्याला ठाऊक असणे, आणि ठाऊक असून ते ग्राहकाला सांगणे, ह्यावर पेढीची पत उभी असते.

म्हणून आमची व्यापारी बांधवांना सूचना अशी की, जुने नाणे हाती येताच ते घासूनपुसून लखलखीत करू नये. घासण्याने प्रथम हीच अक्षरे जातात. दहापट मोठे दाखविणारे भिंग पेढीवर ठेवावे. छाप्याची व काट्याची अशा दोन्ही बाजू पाहून साल आणि सर्व अक्षरे जागेसह टिपून ठेवावी. दुसरे नाणे किंवा त्याचे चांगले चित्र शेजारी ठेवून कोणते अक्षर राहते आणि कोणते बदलते हे पाहावे. एवढे झाल्यावरच मुशीचा विचार करावा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सन १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंत मोडतात व त्यांची परदेशी निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. सन १९१८ ची मुंबईची गिनी ह्या मर्यादेत केव्हाच आली आहे.

वायन, पिस्त्रुची, मॅकेनल ह्या कलावंतांना आपल्या कामाखाली सही करावीशी वाटली, आणि टांकसाळींना आपल्या मालाची जबाबदारी अक्षराने घ्यावीशी वाटली. एक सही कौशल्याची, दुसरी जबाबदारीची. दोन्ही सह्या मान्य कराव्यात, परंतु एकीच्या जागी दुसरी वाचू नये. हुंडीवरील सही ओळखण्यात ज्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या, त्या आमच्या बांधवांना नाण्यावरील सही ओळखणे कठीण जाणार नाही, असा आम्हास भरवसा वाटतो.